सतरा नंबरच्या घराचे प्रवासी

कागदबाई : बरं, मग पडदा कुठंय?

मावशी : धुवायला टाकलाय.

कागदबाई : आणि आरसा?

मावशी : तोही.

कागदबाई : आरसा धुवायला टाकलाय?

मावशी : नदीकाठचं घर आहे, बाई. इथं सगळंच धुवायला टाकतात.

कागदबाई : भिंतीवरचं घड्याळ तरी धुवायला टाकलं म्हणू नका.

मावशी : छे. घड्याळ कोण धुतं? ते बंद पडलं.

कागदबाई : बंद पडलेलं दाखवा. त्याला माझ्याकडे वेगळा रकाना आहे.

मावशी : बंद पडलं आणि मग हळूहळू दिसेनासं झालं.

कागदबाई : मावशी!

मावशी : तुझंच चुकलं. वर्षभर दर पंधरा दिवसांनी येतेस, मांडी घालून बसतेस, आलं किती नि गेलं किती ते लिहून घेतेस. अख्खं गाव तुला कागदबाई म्हणतं. एकदा तरी म्हणालीस, की शेवटी वस्तू बघायला मागणार आहे? आधी सांगितलं असतंस तर माणूस तयारी करतो.

कागदबाई : मलाच काल कळलं. पाहणीच्या शेवटच्या भेटीत, वर्षभरात घेतलेल्या वस्तू डोळ्यांनी बघायच्या आणि समोर खूण करायची. तुमच्या नावावर निळा पडदा, आरसा, घड्याळ, दोन उशा, बशांसकट सहा कप, आणि समुद्रावर जाऊन येणं, दोघांचं, गाडीभाडं धरून.

मावशी : समुद्रही दाखवायचा?

कागदबाई : समुद्राला सूट आहे.

मावशी : सुटले. आता बस जरा. छपराकडे बघ. या वेळेला नदीवरचं ऊन खिडकीतून आत येतं आणि वर हलत बसतं. मला तर दुपारी वाटतं, आपण पाण्याखाली आहोत आणि वरून कोणीतरी नाव नेतंय.

कागदबाई : ते छानच आहे, पण मला साडेपाचपर्यंत वेळ आहे. मावशी, पडदा नाहीये ना?

मावशी : आहे गं. निळा आहे. वारा आला की आत फुगतो, वारा गेला की खिडकीला चिकटतो. फक्त घेतलेला नाही.

कागदबाई : आणि उशा?

मावशी : झोप लागते ना मला. उशा असल्याशिवाय लागेल का?

कागदबाई : देवा. पंधरा कागद! सात महिने!

मावशी : तू घाम पूस आधी. काय आभाळ कोसळलंय? आमच्या घरात पडदा नाही, यानं तुझ्या हापिसाचं काय जातं?

कागदबाई : माझ्या हापिसाचं नाही, तुमचं जातं. ऐका नीट. पुलामुळे ज्या घरांचा धंदा बुडाला, त्यांना तीन वर्षं दरमहा भत्ता मिळणार आहे. महिन्याचं धान्य आणि तेल निघेल एवढा. कोणाला द्यायचा हे आमच्या कागदांवरून ठरणार. यादी आज जाते. साडेपाचला साहेबांची गाडी पुलाच्या तोंडाशी येणार आणि मी तिच्यात यादी ठेवणार. त्या यादीत तुमचं घर नाही.

मावशी : आमचं? पूल आमच्याच नावेच्या डोक्यावरून गेलाय.

कागदबाई : हो, पण कागदावर तुमचं उत्पन्न पूल झाल्यापासून वाढतंय. पूल झाल्यावर नावेची कमाई वाढलेलं जगाच्या पाठीवरचं हे एकच घर आहे. साहेबांनी तुमच्या घराचा रंगीत आलेख काढून भिंतीला लावलाय. घर क्रमांक सतरा. रेघ जिन्यासारखी वर वर जाते. आलेल्या-गेलेल्या पाहुण्यांना ते छडीनं दाखवतात. त्यांचं म्हणणं, पुलामुळे लोकांना नावेची गोडी लागते. त्यावर ते निबंध लिहितायत.

मावशी : साहेब शिकलेले दिसतात.

कागदबाई : साठ घरं आहेत माझ्याकडे. एकोणसाठांचा ताळा लागत नाही. कुठे दोनशे कमी, कुठे तीनशे जास्त, कोणाला मुलाच्या औषधाचे आठवत नाहीत, कोणाला भावाला दिलेले सांगायचे नसतात. एक तुमचं घर, पैशाला पैसा जुळतो. साहेब म्हणतात, गरिबांत इतकं काटेकोर कुटुंब मी पाहिलं नाही.

मावशी : नसलेलं सांगायचं म्हटल्यावर जुळवूनच सांगणार ना? असलेलं कोण जुळवत बसतंय?

कागदबाई : हे सगळं सुरू कसं झालं पण?

मावशी : तुझ्यामुळे.

कागदबाई : माझ्यामुळे?

मावशी : पूल सुरू होऊन महिना झाला होता. तू आलीस. यांना विचारलंस, काका, पंधरा दिवसांत किती माणसं नेली? हे इथं खांबाला टेकून बसले होते. तीस वर्षं रोज चाळीस माणसं नेलेला माणूस. या काठापासून त्या काठापर्यंत बांधलेला तो जाड दोर, तो हातांनी ओढत ओढत. आणि त्या पंधरवड्यात दोन माणसं आली होती. दोन! यांनी तुझ्याकडे बघितलं, नदीकडे बघितलं आणि म्हणाले, "वीस-बावीस धरा."

कागदबाई : आठवतंय. मी बावीस धरले.

मावशी : धरलेस ना? मग बेरीज केलीस, वजाबाकी केलीस, पेन्सिल चावलीस आणि मला म्हणालीस, मावशी, नव्वद रुपये जास्त येतायत, ते कुठे गेले? मी म्हटलं, गेले असतील. तू म्हणालीस, असं चालत नाही, पैसा गेला म्हणजे कुठेतरी गेला, आठवा. हे मान खाली घालून चटईच्या काड्या मोजत होते. तू परत म्हणालीस, घाई नाही, नीट आठवा. म्हणून मी आठवलं.

कागदबाई : पडदा.

मावशी : निळा. रंगही तूच विचारलास.

कागदबाई : त्याला रकाना नव्हता. मी सहज विचारलं होतं.

मावशी : मग दर खेपेला तेच. हे माणसं वाढवायचे आणि मी वस्तू आठवायची. म्हणतात ना, सगळ्यांची सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही? आम्ही आणलं. सात महिने नाचवलं. तुझ्या साहेबांनी भिंतीला लावलं.

कागदबाई : तुम्हाला ठाऊक आहे, हे काकांना ठाऊक आहे का?

मावशी : हळू बोल. काठावरच आहेत.

कागदबाई : म्हणजे नाही.

मावशी : ते कशाला सांगतील आणि मी कशाला विचारू? मला हातावरून कळलं. दोर ओढणाऱ्याचा तळवा कसा असतो माहीतेय? खरखरीत. झोपेत माझ्या कपाळावर हात पडला तरी मी जागी व्हायची. मग एके दिवशी जाग आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हात मऊ पडला होता, पोरी. तुझे पंधरा कागद एकीकडे आणि तो तळवा एकीकडे.

कागदबाई : मला पण एक सांगायचंय. रागावू नका. मी दर खेपेला पुलावरूनच येते.

मावशी : मग? सगळेच येतात.

कागदबाई : पुलावरून खाली नाव दिसते. दर वेळी रिकामी. काका तिच्यात बसलेले, दोर नुसता धरून. मी स्वतःला सांगायची, आत्ताच उतरली असतील माणसं. मग इथं यायची आणि ते सांगायला लागले की लिहून घ्यायची. कधी कधी तर बसमध्येच वाटायचं, आज कोण आलं असेल नावेत?

मावशी : बघ! आणि मला म्हणते, पडदा दाखवा.

कागदबाई : पण आज दुरुस्त करायला हवं. मी सगळे कागद घेऊन आलेय. खोटे प्रवासी खोडायचे, खोट्या वस्तू खोडायच्या, बेरीज नव्यानं करायची. अजून दीड तास आहे.

मावशी : खोड मग. तुझीच पेन्सिल.

कागदबाई : नुसतं खोडून चालत नाही. ज्यानं माहिती दिली त्यानं प्रत्येक खोडलेल्या ओळीपुढे सही करायची, असा नियम आहे. वस्तू तुम्ही सांगितल्यात, तुम्ही कराल. प्रवासी काकांनी सांगितलेत.

मावशी : मग राहू दे.

कागदबाई : मावशी, तीन वर्षांचा भत्ता आहे!

मावशी : असू दे. हे बघ, नावेत कोणी येत नाही हे गावाला माहीत आहे. मला माहीत आहे. तुला माहीत आहे. त्यांना तर आहेच. एक तुझा कागद तेवढा बिचारा भोळा आहे. जगात एक जागा अशी आहे, जिथं हे अजून दोर ओढतायत. तिथं त्यांच्याच हातानं रेघ मारायला लावायची? पंधरा वेळा?

कागदबाई : आणि घर कसं चालणार?

मावशी : चाललंय की.

कागदबाई : कशावर चाललंय? प्रवासी नाहीत, तर कशावर?

(नावाडी दारात उभा आहे. किती वेळ, ते कोणाला ठाऊक नाही.)

नावाडी : पहिल्यापासून घ्या, बाई. पहिल्या कागदापासून.

मावशी : अहो, तुम्ही कधी आलात? पाणी देऊ?

नावाडी : दे. वाचा बाई. नावेचा रिवाज आहे, चढवलेल्या माणसाला मध्येच सोडायचं नाही. मी चढवलेत, मी उतरवतो.

मावशी : काही गरज नाही. ही उगाच घाबरवते. भत्ता काय, मिळाला मिळाला...

नावाडी : अगं, आत्ता तूच म्हणालीस ना, घर चाललंय की? कशावर, ते तुला माहीत आहे. मला नाही माहीत. वाचा.

कागदबाई : काका, मी नुसते आकडे वाचते. बाकीचं नको.

नावाडी : आकड्यांना कोण ओळखतो? शेऱ्यात लिहिलंय ना तुम्ही सगळं? ते वाचा.

कागदबाई : पहिला कागद. "प्रवासी बावीस. पैकी एक बाई, हातात पिंजरा, पिंजऱ्यात पक्षी. पक्ष्याचं भाडं घेतलं नाही."

नावाडी : हो. पिंजऱ्याचं दार उघडं होतं, तरी तो आत बसून होता. मी विचारलं, उडत का नाही? बाई म्हणाली, त्यानं नाव पाहिली नव्हती, म्हणून आणलाय. बरं. उतरवा तिला. कुठे करू सही?

कागदबाई : इथं, कडेला. यातले दोन खरे ना? मग वीस खोडते.

नावाडी : दोन खरे. ते दोघे पूल कुठे आहे असं विचारायला आले होते. बसलेच होते म्हणून नेलं.

कागदबाई : दुसरा कागद. "प्रवासी तीस. एक मनुष्य दाराएवढा आरसा घेऊन."

नावाडी : त्यानं तो आडवा धरला होता. मावेना ना! मग वरचं आभाळ सगळं नावेत आलं. ढग पायाशी. मी दोर ओढतोय आणि खाली बघतो तर मी ढगांवरून चाललोय. पलीकडच्या काठाला लागल्यावर तो म्हणाला, चुकीच्या काठाला आलो, परत चला. दोन भाडी.

मावशी : म्हणूनच मी पुढच्या खेपेला आरसा सांगितला.

नावाडी : सांगितलास ना? मला वाटलंच, तुला आवडला असणार.

मावशी : म्हणजे तुम्ही ऐकत होता?

नावाडी : खांबाला टेकून मी दुसरं काय करतो? तू पहिल्यांदा पडदा म्हणालीस, तेव्हाच समजलं. तीस वर्षांत तू मला न विचारता सुतळीचा तुकडा आणला नाहीस. पडदा कुठून आणशील? मी म्हटलं, हिला कळलंय आणि ही मला सांभाळून घेतेय. मग आपणही हात आखडता का घ्यायचा? तू उशा म्हणालीस, त्याच्या पुढच्या खेपेला मी अख्खा बँड आणला.

कागदबाई : हो, आहे इथं. "दहा वादक, वाद्यांचं भाडं वेगळं. ढोलवाल्याला दोन जागा."

मावशी : उशा दोनच होत्या. त्याला दहा जणांचा बँड?

नावाडी : चांगल्या कापसाच्या असतील म्हणून.

मावशी : आणि मी वेड्यासारखी साध्या सांगितल्या.

नावाडी : वाजवायला सांगितलं नाही मी त्यांना. पाण्यावर सगळे गप्प बसून होते. फक्त झांजवाल्याच्या मांडीवर झांजा होत्या, त्यांत ऊन हलत होतं. उतरवा. दहाही जणांना. सावकाश, वाद्यं जड आहेत.

कागदबाई : उतरवले. पुढे "धान्याचा लठ्ठ व्यापारी. भाडं न देता गेला."

नावाडी : हरामखोर.

कागदबाई : काका, तो आलाच नव्हता.

नावाडी : आला नव्हता हे खरं. पण भाडं बुडवून गेला ते माझ्या मनाला लागलं होतं. त्याची सही मी जोरात करतो.

मावशी : अहो, कागद फाटेल.

कागदबाई : पाच, सहा आणि सात. तीन कागदांत मिळून "शाळा एक. मुलं, मास्तर आणि पृथ्वीचा गोल."

नावाडी : ते समुद्रासाठी. ही म्हणाली, समुद्र बघून आलो. मी मनात हिशोब केला, दोघांचं गाडीभाडं, राहणं, काही खाणंपिणं, म्हणजे साधी माणसं पुरणार नाहीत. शाळाच लागेल. रोज धुक्यातून एक एक वर्ग नेला. मास्तर गोल मांडीवर घेऊन बसायचे आणि मुलांना सांगायचे, आपण आता इथं आहोत. बोट मात्र भलत्याच ठिकाणी असायचं.

मावशी : समुद्र कसा होता, हे मी हिला तासभर सांगत होते. तुम्ही मध्येच म्हणालात, "आणि रात्रभर आवाज."

नावाडी : मग असतो ना आवाज.

मावशी : तुम्ही तरी कुठे ऐकलाय?

नावाडी : तू सांगत होतीस तेव्हा ऐकला.

कागदबाई : मला जरा पाणी द्या, मावशी.

मावशी : घे. रडायला काय झालं? प्रवासी आमचे उतरतायत.

कागदबाई : रडत नाहीये. सहीवर थेंब पडला तर परत घ्यावी लागेल. चला, पुढचे भराभर घेऊ. साडेचार झाले.

नावाडी : भराभर नको, पण घ्या.

कागदबाई : दोन बहिणी, एकमेकींशी न बोलणाऱ्या. छत्र्या दुरुस्त करणारा. नदीचं पाणी बाटलीत भरून नेणारा कोणी साहेब. पाठ करून आलेला साक्षीदार.

नावाडी : तो पलीकडे पोचेपर्यंत विसरला. उतरवा सगळ्यांना. या ओळीवरही सही? आणि इथं? बाई, एवढ्या सह्या मी आयुष्यात केल्या नाहीत. हात भरून आला.

मावशी : चोळून देऊ?

नावाडी : राहू दे. बरं वाटतंय.

कागदबाई : हा शेवटचा, पंधरावा. संपलं. सात महिन्यांत खरे प्रवासी एकतीस. त्यांतले बावीस वेळा तेच एक आजोबा.

नावाडी : त्यांना पुलाची भीती वाटते. म्हणतात, ज्याचे पाय पाण्यात आहेत त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? देव त्यांना शंभर वर्षं देवो.

कागदबाई : मावशी, आता तुमची बाजू. पडदा, आरसा, घड्याळ, उशा, कप, समुद्र.

मावशी : आण इकडं. मी त्यांच्यासारखी गोष्टी सांगत बसत नाही. पडदा गेला. आरसा गेला. घड्याळ तसंही बंदच होतं. उशा. कप. समुद्रासाठी सही कुठे?

कागदबाई : इथं. झालं. आता बेरीज करते. थांबा हं. हे जुळत नाही.

मावशी : झालं! परत हिचं सुरू.

कागदबाई : नाही, खरंच बघा. नावेचे जवळजवळ काहीच नाहीत. तुमचे पोत्यांचे आहेत, धान्याच्या गोदामाची फाटकी पोती शिवायची, महिन्याला चाळीस. वर्षभर चाळीसच लिहिलीत. आणि खर्चात धान्य आहे, तेल आहे, साबण आहे, काकांचं खोकल्याचं औषध आहे. हे खोडता येत नाही, हे मी स्वतः बघितलंय. हे चाळीस पोत्यांत बसत नाही. मग ते आलं कुठून?

मावशी : उधार आणलं असेल.

कागदबाई : उधारीचा रकाना तुम्ही कोरा ठेवलाय. दुकानदारालाही मी विचारलंय.

मावशी : मग शेजारणीनं दिलं असेल. साडेपाच होतील बाई, ऊठ.

कागदबाई : मावशी, आठवा.

नावाडी : मीही तेच म्हणतोय, अगं. रोज घरी आलो की मी म्हणायचो, पैसे डब्यात टाकलेत. तू म्हणायचीस, बघितले. मी काहीच टाकलेलं नसायचं. तरी दर आठवड्याला त्याच डब्यातून धान्य निघायचं. मी विचारलं नाही. वाटायचं, विचारलं तर निघायचं थांबेल.

मावशी : मग आता कशाला विचारताय?

नावाडी : आता माझी नाव रिकामी झालीय. आता विचारायला हरकत नाही.

मावशी : एकशे दहा.

कागदबाई : काय एकशे दहा?

मावशी : पोती. महिन्याला एकशे दहा. चाळीस घरी, सगळ्यांसमोर. बाकीची गोदामात बसून. हे सकाळी नावेवर गेले की मी गोदामात, हे यायच्या आधी परत. मुकादमाला सांगून ठेवलं होतं, कोणाला बोलायचं नाही.

कागदबाई : आणि मला चाळीस सांगितलीत!

मावशी : एकशे दहा सांगितली असती तर घर माझ्या सुईवर चाललंय हे तुझ्या कागदानं ओरडून सांगितलं असतं. म्हणून सत्तर पोत्यांचे पैसे मी यांच्या नावेत बसवले. बसले आरामात. जागा खूप होती.

नावाडी : तुझी बोटं. मी विचारलं होतं. तू म्हणालीस, भांड्याचा पत्रा लागला.

मावशी : पत्राच समजा.

नावाडी : आणि मी दिवसभर रिकाम्या नावेची राखण करत बसलो.

मावशी : राखण करायलाच हवी होती. नाव सुटून गेली असती म्हणजे?

नावाडी : मला सांगायचंस.

मावशी : तुम्ही सांगितलंत?

नावाडी : नाही.

मावशी : मग झालं तर. बाई, त्या सत्तर पोत्यांसमोर कुठे सही करू? तू अशी बघत बसू नकोस, लिही.

कागदबाई : लिहिते. पंधरा ठिकाणी करा. हं. आता परत बेरीज. उत्पन्न खाली आलं. भत्त्यासाठी ठरलेल्या रेषेच्या खाली. चांगलंच खाली. मावशी, काका, तुमचं घर यादीत बसलं!

नावाडी : याला अभिनंदन म्हणायचं का?

कागदबाई : म्हणायला तसा रकाना नाही.

मावशी : ताळा लागला ना पण? एकदाचा?

कागदबाई : नाही. सत्तेचाळीस रुपये अजून जुळत नाहीत. आलेत कमी, गेलेत जास्त.

मावशी : कुठे गेले असतील बरं?

नावाडी : मी तर नाही घेतले.

कागदबाई : राहू द्या. बाकीच्या एकोणसाठ घरांसारखंच आलं. आता तपासणाऱ्यालाही खरं वाटेल.

मावशी : आणि तुझ्या साहेबांचा तो जिना?

कागदबाई : उतरेल खाली. साहेबांना थोडा त्रास होईल. निबंधाला नाव देऊन ठेवलंय त्यांनी.

नावाडी : तुम्हाला बोलतील का हो?

कागदबाई : बोलू देत. सात महिने रिकामी नाव बघितली आणि भरलेली लिहिली. मीही सही करतेय की इथं, खाली. "दुरुस्ती माझ्या समक्ष." निघते मी. पाच वाजून गेले.

मावशी : पुढच्या पंधरवड्याला?

कागदबाई : नाही मावशी. पाहणी संपली.

मावशी : हो, म्हणालीस खरं. वर्ष संपलं. जा हळू. पुलावर वारा असतो, कागद घट्ट धर. आता त्यांत खरं आहे, उडालं तर परत सांगायला जमायचं नाही आम्हाला.

कागदबाई : येते काका.

नावाडी : या. सावकाश जा.

मावशी : गेली. पळतच गेली.

नावाडी : पोचेल. गाडी अजून आलेली नाही, दिसतंय इथून.

मावशी : बसा ना. उभे का?

नावाडी : सवय झालीय. आल्या आल्या तिला सांगायचं असायचं.

मावशी : मला सांगा मग.

नावाडी : काय सांगू?

मावशी : आज आलं होतं का कोणी?

नावाडी : नाही. आज कोणी नाही आलं.

मावशी : बरं. टेका जरा. दमला असाल.